फादरना विचारून सांगते

वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

*मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी ३४ वर्षांची आहे, उत्तर नागपुरात राहते. तीन मुलं, तिन्ही सिझरची. धाकटा अकरा महिन्यांचा. त्याच्या वेळी पोट उघडलं तेव्हा पिशवीवरचे आधीचे टाके आतून उसवायला आले होते. चार बाटल्या रक्त लागलं. टेबलवरच डॉक्टरबाईंनी विचारलं, "बंद करून टाकू का? चौथ्यांदा मी हमी देणार नाही." माझ्या तोंडून निघालं, "फादरना विचारून सांगते." त्या काही बोलल्या नाहीत, टाके घालत राहिल्या. नंतर फादरना विचारलं. ते म्हणाले, ऑपरेशन म्हणजे मोठं पाप, देवावर भरवसा ठेव. मिस्टर म्हणतात, तुझं मन सांगेल ते कर, मी सोबत आहे. सासूबाई म्हणतात, चर्चपुढे मन कसलं? तेव्हापासून मी मिस्साला शेवटच्या बाकावर बसते आणि कम्युनियनला, प्रभूची भाकर घ्यायला, उठत नाही. ऑपरेशन अजून केलेलं नाही, तरी पाय उचलत नाही. मावशी, मन मोठं की चर्च?*

पोरी, आधी त्या शेवटच्या बाकाचं बोलू. तू काय केलंस? मरणाच्या दारातून परत आलीस, डॉक्टरांचं ऐकलंस, फादरना विचारलंस, आणि विचारात पडलीस. यातलं एकही पाप नाही. प्रश्न पडला म्हणून कुणी कम्युनियनपासून दूर राहावं असं चर्चने कधी सांगितलेलं नाही. येत्या रविवारी पुढे जा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता तुझा प्रश्न. आपल्या मराठीत 'मन' हा शब्द फार पसरट आहे. मन आलं, मन उडालं, मन मारलं, मनात भरलं, सगळं एकाच डब्यात. तुझे मिस्टर 'मन' म्हणतात ते मायेने. सासूबाईंना त्याच शब्दात 'मर्जी' ऐकू येते, म्हणून त्या चिडतात, आणि मर्जीबद्दल त्यांचं बरोबर आहे. पण चर्च ज्याला मान देतं ती मर्जी नव्हे, सदसद्विवेकबुद्धी. मर्जी सोयीचं सांगते. ही बुद्धी कधी कधी असं काही सांगते की रात्रभर डोळा लागत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली लिहून ठेवलं आहे की ही माणसाची सर्वांत आतली, पवित्र जागा, तिथे तो देवासोबत एकटा असतो. मी त्या जागेला गाभारा म्हणते. त्या गाभाऱ्यात फादर येत नाहीत, सासूबाई येत नाहीत, आणि हा स्तंभ लिहिणारी मावशीही येत नाही. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट आहे: विवेकाने खात्रीपूर्वक दिलेला निर्णय माणसाने पाळलाच पाहिजे. त्याच पानांवर पुढे हेही आहे की खरं काय ते शोधून काढायची तसदीच ज्याने घेतली नाही, त्याची चूक त्याच्याच माथी. ही दोन वाक्यं कायम जोडीने वाचायची. पहिलंच वाचणारे लोक मला भेटतात, दुसरंच वाचणारे त्याहून जास्त भेटतात.

तेव्हा आता तसदी घेऊ. ऑपरेशनबद्दल चर्च नेमकं काय म्हणतं ते तुला पूर्ण कुणी सांगितलेलं दिसत नाही.

जुलै १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी पत्रक काढलं. गोळ्या, साधनं, मूल बंद करण्याचं ऑपरेशन, सगळ्याला नकार. पाळीचे दिवस पाहून संबंध टाळायला परवानगी. या विषयावर पोपनी जो आयोग नेमला होता, त्यातल्या बहुसंख्यांनी बदल करावा असं सुचवलं होतं. पोपनी ते मानलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडाच्या बिशपांनी जाहीर केलं की एखाद्या जोडप्याने मनापासून प्रयत्न करूनही ही शिकवण पाळणं जमलं नाही, आणि त्यांनी प्रामाणिकपणे जो मार्ग योग्य वाटला तो धरला, तर ते शुद्ध विवेकाने वागले असं समजावं. हे मी तुला पळवाट म्हणून सांगत नाही. ज्यांच्या हाती अधिकार, त्यांनाही ही शिकवण जड गेली आणि ते गुडघ्यावर बसून तिच्याशी झगडले, एवढं तुला माहीत असावं म्हणून सांगते.

यापुढचं थेट तुझ्याबद्दल आहे. १९९३ साली चर्चची शिकवण सांभाळणाऱ्या रोमच्या कार्यालयाला विचारलं गेलं की सिझरमुळे पिशवी खराब झाली तर काढता येईल का? उत्तर आलं: पिशवीमुळे आत्ता जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल तर हो, धोका फक्त पुढच्या गरोदरपणात असेल तर नाही, आणि त्यासाठी नळ्या बांधणंही नाही. मग डिसेंबर २०१८ मध्ये त्याच कार्यालयाने आणखी एक उत्तर दिलं. बाळ बाहेर जगू शकेल इतके दिवस ही पिशवी गर्भ धरूच शकणार नाही, अशी तज्ज्ञ डॉक्टरांची खात्री असेल, तर पिशवी काढायला हरकत नाही, कारण तिथे मूल होणं बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून तू डॉक्टरबाईंकडे परत जा आणि हा एकच प्रश्न नीट विचार: "बाळ बाहेर जगेल इतके दिवस पिशवी गर्भ धरूच शकणार नाही, की धरेल पण माझा जीव जाईल?" उत्तर केसपेपरवर लिहून घे. चर्चच्या नियमात या दोन उत्तरांमध्ये मोठं अंतर आहे. मी सदतीस वर्षं नर्स होते. उसवलेल्या टाक्यातून रक्त यायला लागलं की बाई पाच-सात मिनिटांत कशी पांढरीफटक पडते ते मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी हे अंतर मला कधीच मोठं वाटलं नाही. हे माझं मत. चर्चच्या शिकवणीबद्दल मला आदर आहे, आणि हे मतही मी लपवणार नाही.

एक गोष्ट सांगते, तिच्यामुळेच मी असं बोलायला शिकले.

१९७६ साल. मी तेवीस वर्षांची, विदर्भातल्या एका आरोग्य केंद्रावर नवीनच लागलेली. आणीबाणी होती. शिक्षकाला, ग्रामसेवकाला, आम्हाला, प्रत्येकाला नसबंदीच्या 'केसेस' आणायचा आकडा दिलेला. त्या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त ऑपरेशनं झाली. एका सकाळी वीस-बावीस वर्षांचा एक सालदार आला. मालकाने पाठवलेला. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पायाला काळी माती, बैलगाडीतून उतरला तो थेट माझ्या टेबलापाशी. माझ्याकडे शाईचं पॅड आणि छापील कागद. त्याचा अंगठा मी हातात धरला तेव्हा तो थंड होता. मी विचारलं, "लेकरं किती?" तो म्हणाला, "लग्न व्हायचं आहे बाई." मी त्याचा अंगठा सोडला, पॅड मिटलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

तीन महिने माझा पगार अडला. घरी दोन भाऊ शिकत होते.

तेव्हाच्या माझ्या फादरना हे सांगितलं तर ते खूश झाले. "शाबास, चर्चची शिकवण पाळलीस." मी मान हलवली, पण घरी येताना काहीतरी टोचत होतं. मी पॅड मिटलं ते चर्चची शिकवण आठवून नव्हे. त्या पोराला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मिटलं. तिथे सहा लेकरांची आई स्वतःच्या पायाने आली असती, "बाई, आता नको" म्हणाली असती, तर मी तिचा हात धरून आत नेलं असतं. पुढे तशा कितीतरी बायांना नेलंही. दरवेळी कन्फेशनमध्ये, फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगितलं. एका फादरनी रागावून क्षमा दिली. दुसऱ्यांनी थोडा वेळ थांबून विचारलं, "कुणावर जबरदस्ती केलीस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग तू आणि देव यावर बोलत राहा." आम्ही बोलत राहिलो. अजून बोलतो.

तेच ऑपरेशन. त्या वेळी सरकार म्हणत होतं कराच, आज तुला फादर म्हणतात करूच नको. दोन्हीकडे ज्याच्या शरीरावर चाकू चालणार, त्याला विचारणं राहून गेलं.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. "फादरना विचारून सांगते." विचारलंस ते उत्तम केलंस. विचारायचंच असतं. पण 'सांगते' हा शब्द तुझा आहे, पोरी. विचारून झाल्यावर सांगायचं तूच. फादरांचं ऐकून तू ऑपरेशन न करायचं ठरवलंस, तर तो निर्णयही तुझाच. उद्या काही झालं तर "फादर म्हणाले होते" असं म्हणून तो त्यांच्या डोक्यावर टाकता येणार नाही. आणि ऑपरेशन केलंस तर "मावशींनी लिहिलं होतं" असं म्हणूनही चालणार नाही. ऐकणं हीसुद्धा आपणच केलेली गोष्ट असते. म्हणूनच मी तुला कर किंवा करू नको सांगत नाही. माझ्या मुलीलाही सांगितलं नसतं. रात्रभर तिच्याजवळ बसले असते.

दिवस पाहण्याची पद्धत तुला झेपेल का, तेही प्रामाणिकपणे बघ. धाकटा अंगावर पीत असेल तर पाळीचा भरवसा नसतो, आणि ही पद्धत मिस्टरांच्या संयमावरही तितकीच उभी असते. दोघं मिळून बोला. ते 'मी सोबत आहे' म्हणतात ना? मग डॉक्टरबाईंकडे जाताना त्यांनाही बसव समोरच्या खुर्चीवर. पुरुषांचं ऑपरेशन लहान असतं, टाकाही लागत नाही, हेही त्यांच्या कानावर पडू दे. चर्चचा नकार त्यालाही आहे, पण पोट उघडावं लागत नाही.

आणि दुसऱ्या एखाद्या फादरना भेट. सेमिनरी हिल्सवर उद्याचे फादर घडवणारी सेमिनरी आहे. तिथे शिकवणाऱ्या एखाद्या फादरांची वेळ मागून घे आणि १९९३ आणि २०१८ ची ती दोन उत्तरं त्यांच्याकडून समजून घे. तुझ्या फादरांना हे माहीत नसेल तर त्यात त्यांचा कमीपणा नाही. ते एकटे चारशे घरं सांभाळतात. त्यांच्याविषयी मनात कडवटपणा धरू नकोस.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. त्यांची भीती खरी आहे, तुझ्या आत्म्यासाठी आहे. फक्त टेबलवर त्या नव्हत्या, तू होतीस, हे त्यांना शांतपणे सांग.

*मावशी, मी कामठीचा तुमचा जुना वाचक. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की आज्ञा पाळणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. असं लिहून तुम्ही लोकांना बिघडवून राहिल्या. हे विवेकाचं खूळ पाश्चात्त्य आहे. उद्या जो तो आपापल्या घरचा पोप होईल. मग चर्च कशाला पाहिजे?*

भाऊ, पाश्चात्त्य म्हणता, तर आधी आपल्याच रमाबाईंकडे जाऊ. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टरांनी आसरा दिला, त्याच हळूहळू सांगू लागल्या की हे मान, ते मान, प्रश्न विचारू नको. रमाबाई पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनीही हरकत घेतली. १८८५ साली रमाबाईंनी त्याच सिस्टरांपैकी सिस्टर जेराल्डिनना उत्तर लिहिलं, त्याचा आशय असा: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाळक आणि बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही, देशातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. हे लिहिणारी बाई मराठी होती, विधवा होती, परक्या देशात दुसऱ्याच्या अन्नावर होती, पदरात लहान मुलगी होती. आणि तिने ख्रिस्ताला सोडलं नाही. केडगावात हजारो बायकांना आधार दिला, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, १९२२ साली जाईपर्यंत काम करत राहिली. ही बिघडलेली म्हणायची का?

तुमचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. विवेक झोपतोही. तमिळनाडूत काही ठिकाणी आपल्याच ख्रिस्ती दफनभूमीत मध्ये भिंत आहे, दलित एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. ज्यांनी ती बांधली त्यांना रात्री छान झोप लागली असेल. कुणाच्याही मनाला टोचलं नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्यांचं मन तसंच होतं. अशा वेळी बाहेरून कुणीतरी अधिकाराने दार ठोठवावं लागतं. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांच्या सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं, चर्चमधला जातिभेद संपवायला सांगितलं. उशिरा, फार उशिरा, पण सांगितलं. चर्च यासाठी पाहिजे, भाऊ. माझ्या विवेकाला जे दिसत नाही ते दाखवण्यासाठी. माझ्याऐवजी बघण्यासाठी नव्हे.

*मावशी, मी कॅथलिक, वय २९, मिहानमध्ये नोकरी. माझी मैत्रीण इंदोऱ्याची, बौद्ध. लग्न चर्चमध्ये व्हावं ही आईची इच्छा. आमच्या पॅरिशमधले एक काका म्हणाले, आधी तिचा बाप्तिस्मा, मगच लग्न. ती म्हणते, तुझ्यासाठी घेईन, पण आतून नाही. काय करू?*

बाळा, तिला तो बाप्तिस्मा घ्यायला लावू नकोस.

काकांनी सांगितलेला नियम अस्तित्वात नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिक माणसाचं लग्न व्हायचं तर बिशपांकडून सूट मिळवावी लागते. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम १०८६ मध्ये हे आहे. अर्ज फादरांमार्फत जातो. तुला लिहून द्यावं लागेल की तू आपली श्रद्धा जपशील आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी तुझ्याकडून होईल तेवढं करशील. तिला तुझं हे वचन कळलेलं असावं, एवढंच. तिने स्वतः कशाचंही वचन द्यायचं नसतं. देशाचा कायदाही आड येत नाही: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. मुलांबद्दलचं ते वचन मात्र हलकं समजू नकोस. लग्नाआधी त्यावर दोघं नीट बोला. पाळण्याच्या बाजूला उभं राहून भांडू नका.

आणि चर्चचा कायदाच सांगतो की मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या इच्छेने, शिकवण समजून घेऊन व्हावा. "आतून नाही" असं म्हणणाऱ्या मुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं, तर तिचा विवेक मोडेल आणि आपलं संस्कारविधीचं पाणीही खोटं पडेल. तिने तुला खरं सांगितलं. तुझ्यावर इतकं प्रेम असून खरं सांगितलं, याची किंमत ओळख.

ती कुठून येते तेही लक्षात घे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, लाखो माणसं पांढरे कपडे घालून उभी होती. कुणी त्यांना ओढून आणलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अधिकार त्यांनी स्वतःच्या विवेकाने नाकारला आणि बाबासाहेबांच्या मागे बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्या घरातल्या मुलीला तू 'फक्त नावापुरतं' काही म्हणायला सांगू नयेस.

तिच्या घरी आजी किंवा आजोबा असतील तर लग्नाची बोलणी करण्याआधी एका दुपारी जाऊन त्यांच्यापाशी बस. त्या दिवसाचं विचार. गावाहून कसे आले, पांढरं लुगडं कुठून आणलं, रात्री कुठे झोपले. चहा दोनदा मिळेल. आईला सोबत ने.